पाने उतरवलेला ओक

सांगाडा हा शब्द मराठीत सहसा एकटा येत नाही. तो हाडांचा असतो, जुन्या वाड्याचा असतो, नाक्यावर गंजत पडलेल्या ट्रकचा असतो. आणि आमच्यासारख्या मराठीच्या मास्तरांच्या तोंडी तो कथानकाचा असतो. घटनांचा नुसता सांगाडा उरला आहे, त्यात रक्तमांस भरलेले नाही, हा शेरा आम्ही उत्तरपत्रिकांच्या समासांत आणि परीक्षणांतून किती वेळा लिहिला असेल याची गणती नाही. शब्दाला निंदेची छटा आहे; जे झाकलेले असायला हवे होते ते उघडे पडले, असे तो सुचवतो. घड्याळांच्या जगात मात्र हाच शब्द प्रशंसेचा आहे आणि त्यापायी माणसे जास्तीचे पैसे मोजतात, हे प्रथम ऐकले तेव्हा आम्हांला गंमत वाटली होती. 'स्केलेटन' घड्याळ म्हणजे ज्याची तबकडी काढून टाकली आहे, आतल्या यंत्राच्या पट्ट्या कोरून कोरून जेमतेम कडांपुरत्या ठेवल्या आहेत, आणि समोरून पाहिले तर पलीकडचे मनगट दिसावे इतके जे पोकळ केले आहे, असे घड्याळ.

ज्या घड्याळाविषयी लिहायचे आहे त्याचे निर्माते 'स्केलेटन' म्हणत नाहीत, 'ओपनवर्क्ड' म्हणतात. यामागे नुसता व्यापारी सोवळेपणा नसावा. आम्हांला त्यासाठी मराठीतला 'जाळी' हा शब्द जवळचा वाटतो. सांगाडा मागे उरतो. जाळी करावी लागते. अहमदाबादच्या सिदी सय्यद मशिदीची दगडी जाळी पाहायला लोक जातात, तेव्हा दगडातून जे काढून टाकले आहे तेच ते पाहत असतात, आणि काढणाऱ्याचा हात पाहत असतात. जाळीचा आणखी एक गुण असा, की आतल्याला बाहेरचे स्पष्ट दिसते, बाहेरच्याला आतले तितके दिसत नाही. हा दुसरा गुण वाचकांनी ध्यानात ठेवावा.

घड्याळ आमच्या भाच्याचे. थोरल्या बहिणीचा हा मुलगा दंतवैद्य आहे, गेली बरीच वर्षे दुबईत असतो, आणि तेथे त्याचे बरे चालले आहे. किती बरे, ते आम्हांला या घड्याळाने सांगितले. गेल्या दिवाळीत आम्ही भाऊबीजेसाठी साताऱ्याला ताईकडे गेलो होतो. फराळाच्या ताटापाशी त्याने बाही मागे सारली, पट्ट्याची घडी उघडली आणि घड्याळ आमच्या हातावर ठेवले. ओदमार पिगे या स्विस घराण्याचे 'रॉयल ओक'. दोन बॅलन्स व्हीलचे, जाळीदार, आणि डबीपासून पट्ट्याच्या शेवटच्या कडीपर्यंत काळ्या सिरॅमिकचे. किंमत त्याने सांगितली नाही, आम्ही विचारली नाही. ताईने विचारली, तेव्हा तो म्हणाला, "दिवाळीची सूट होती." अशा घड्याळांना सूट नसते, एवढे आम्हांलाही ठाऊक होते.

पहिला अनुभव डोळ्यांचा नव्हे, तळहाताचा. 41 मिलिमीटर व्यासाची ही वस्तू दिसते त्याहून हलकी लागते. पोलादी घड्याळ सकाळी मनगटावर चढवताना जो गार चटका बसतो तो येथे बसला नाही. सिरॅमिक उष्णता सावकाश वाहून नेते, त्यामुळे ते हाताला गार लागत नाही, काही क्षणांत ते आपल्याच अंगाचे वाटू लागते. त्याचा काळेपणाही निराळा. लोखंडी गजांना दिलेल्या रंगासारखा तो वर चढवलेला नाही, आरपार आहे. पृष्ठभागावर अतिशय बारीक, एकाच दिशेने ओढलेल्या रेघा आहेत आणि प्रत्येक कडेला आरशासारखी घासलेली तिरपी पट्टी आहे. पट्ट्याच्या प्रत्येक कडीवरसुद्धा हे दोन पोत एकमेकांना एका धारदार रेषेवर भेटतात. हात हलला की ती रेषा मनगटाभोवती पळते.

मग आम्ही वेळ पाहिली. म्हणजे पाहण्याचा प्रयत्न केला. गुलाबी सोन्याचे दोन काटे आहेत, तासांच्या सोन्याच्या खुणा कडेने आहेत, आणि तरीही वेळ एकदम लागली नाही. काट्यांच्या मागे करड्या धातूच्या कमानी, दातेरी चाके, स्क्रूंची डोकी आणि त्यांच्याही मागे आमचा हात, असा सगळा कोलाहल. अमुक हा मिनिटकाटा आणि तमुक ही एका पट्टीची कड, हे ठरवायला दोन-तीन क्षण गेले. भाचा हसून म्हणाला, "सवयीने दिसते मामा." दिसतही असेल. पण आम्ही हाडाचे मास्तर, आमचा विचार तेथेच अडकला. पारदर्शक आणि सुवाच्य हे दोन शब्द आपण समीक्षेत जवळजवळ एका अर्थाने वापरतो. शैली पारदर्शक आहे असे म्हणतो, तेव्हा ती वाचायला सोपी आहे असे आपल्याला म्हणायचे असते. या घड्याळात ते दोन गुण समोरासमोर उभे ठाकले होते. तबकडी ही वस्तुतः एक भिंत आहे. आतल्या धडपडीकडे पाठ फिरवून ती फक्त उत्तर सांगते, आणि म्हणून ते उत्तर वाचता येते. भिंत पाडली की धडपड दिसते आणि उत्तर गर्दीत हरवते. हस्तलिखिताची खाडाखोड असलेली प्रत आणि छापील पान यांत जो फरक आहे तोच हा. खाडाखोडीची प्रत अधिक प्रामाणिक असेल, पण रात्री दिवा मालवण्यापूर्वी कोणी ती वाचत नाही.

मात्र वेळ पाहायची नाही असे एकदा ठरवले, की हे घड्याळ सोडवत नाही. भाच्याने आपले भिंग आणले. दातांच्या कामासाठी तो ते डोळ्यांवर चढवतो. घड्याळाच्या आतल्या यंत्राचा क्रमांक 3132. त्यात 245 भाग आहेत आणि 38 माणके. खाली, डाव्या अंगाला, या घड्याळाचे हृदय आहे. साध्या घड्याळात एक बॅलन्स व्हील असते आणि त्याला केसाहून बारीक अशी एक गुंडाळलेली स्प्रिंग. ती आवळते, सैलावते, चाक मागेपुढे डुलते आणि त्या डुलण्याला आपण वेळ म्हणतो. ही स्प्रिंग श्वास घेताना अगदी नितळ वर्तुळात पसरत नाही, किंचित एका बाजूला कलते, आणि घड्याळाच्या चालीत चूक शिरते. येथे एकाच आसावर दोन चाके आहेत, एक वर, एक खाली, आणि प्रत्येकाला आपली स्प्रिंग. एकीचा कल दुसरीने सावरावा अशी ती योजना आहे. 2016 साली ही रचना पोलादी आणि सोन्याच्या घड्याळांत प्रथम आली. काळ्या सिरॅमिकची घड्याळे नंतरची. सेकंदाला सहा ठोके या गतीने ती दोन चाके एकत्र डुलतात, इतकी एकत्र की भिंगाशिवाय ती दोन आहेत हे कळतही नाही. दोन्ही बाजूंना नीलमण्याच्या जातीची काच आहे. घड्याळ पालथे केले तरी तीच चाके, मागून.

आम्ही अधिक वेळ घालवला तो कोपऱ्यांवर. यंत्राच्या प्रत्येक पट्टीला आतून-बाहेरून कोरले आहे आणि प्रत्येक कोरलेल्या कडेला तिरपी, चकचकीत धार दिली आहे. बाहेरचा कोपरा यंत्राने घासता येतो. आतला, दोन कडा जेथे खोबणीत एकमेकींना भेटतात तो टोकदार कोपरा यंत्राने होत नाही, कारण गोल फिरणारे हत्यार कितीही बारीक असले तरी कोपऱ्यात थोडी गोलाई ठेवतेच. तेथे माणूस कानस घेऊन बसतो. ओदमार पिगेचे गाव ले ब्रासू हे झू खोऱ्यात, जुरा पर्वतात, फ्रान्सच्या सीमेजवळ आहे. घराणे 1875 पासूनचे. त्या खोऱ्यातले कारागीर शेवटची चमक आणायला जेन्शियन नावाच्या डोंगरी वनस्पतीचे वाळलेले खोड वापरत आले आहेत. म्हणजे हे सगळे पोकळ करण्याचे काम, जे पाहताना 'काढून टाकले' एवढेच मनात येते, ते वस्तुतः भर घालण्याचे काम आहे. धातू जितका कमी, तितक्या कडा जास्त. जितक्या कडा, तितके तास. वाङ्मयात याला संक्षेप म्हणतात आणि ते काम किती वेळखाऊ असते हे ज्यांनी वीस पानांचा निबंध पाच पानांत बसवला आहे त्यांना सांगायला नको.

घड्याळाला असे उघडे करण्याचे श्रेय सामान्यतः आंद्रे-शार्ल कारों या पॅरिसच्या घड्याळजीला दिले जाते. साल 1760च्या सुमाराचे. हे नाव साहित्याच्या अभ्यासकाने वाचून पुढे जावे असे नाही, कारण या कारोंचा मुलगा पिएर-ओग्युस्तँ पुढे बोमार्शे या नावाने प्रसिद्ध झाला: 'सेव्हिलचा न्हावी' आणि 'फिगारोचे लग्न' यांचा नाटककार. मुलगाही आधी घड्याळजीच होता. विशीत त्याने घड्याळातल्या ठोके सोडणाऱ्या भागाची नवी रचना केली; राजाच्या एका नामांकित घड्याळजीने ती आपली म्हणून खपवली; तरुणाने विज्ञान अकादमीकडे दाद मागितली आणि 1754 साली निकाल त्याच्या बाजूने लागला. बाप घड्याळाच्या पाट्या कोरून आत काय चालते ते दाखवतो आणि मुलगा सरदाराच्या वाड्याची भिंत कोरून, ते सगळे घर एक नोकर कसे चालवतो हे दाखवतो, यात आम्हांला कार्यकारण दिसते असे नव्हे. पण फिगारो वर्गात शिकवताना ही माहिती हाताशी असती तर एक तास चांगला गेला असता.

आता 'रॉयल ओक' या नावाकडे येऊ. 1972 साली बाझलच्या प्रदर्शनात हे घड्याळ प्रथम मांडले गेले तेव्हा ते पोलादाचे होते, 39 मिलिमीटरचे, म्हणजे त्या काळी अवाढव्य, आणि त्याची किंमत 3,300 फ्रँक, कित्येक सोन्याच्या घड्याळांहून अधिक. जेराल्ड जेंटा या रचनाकाराने ते एका रात्रीत कागदावर उतरवले अशी कथा आहे आणि ती तो स्वतः सांगत असे. अष्टकोनी कडे, त्यावर आठ षट्कोनी स्क्रू. कल्पना पाणबुड्याच्या शिरस्त्राणावरून आलेली. नाव इंग्रजी आरमाराच्या जहाजांवरून, आणि जहाजांचे नाव एका झाडावरून. 1651 साली वूस्टरच्या लढाईत हरलेला तरुण राजा दुसरा चार्ल्स पळून जाताना बॉस्कोबेल येथे एका ओक वृक्षावर चढून दिवसभर पानांत दडून बसला. खाली शिपाई त्याला शोधत होते. ते झाड पुढे 'रॉयल ओक' झाले. म्हणजे या नावाचा उगम लपवण्यात आहे. झाडाची थोरवी एवढीच, की त्याला दाट पाने होती. अशा झाडाच्या नावाच्या घड्याळाची सगळी पाने उतरवायची आणि फांदी न् फांदी दाखवायची, यातला विरोध ले ब्रासूत कोणाला जाणवला असेल की नाही, सांगवत नाही. आम्ही तो भाच्याला सांगितला. तो म्हणाला, "मग राजा कुठे आहे?" आम्ही म्हटले, शोध.

खरे तर काही गोष्टी या उघड्या घड्याळानेही झाकल्या आहेत. त्या आठ स्क्रूंचेच पाहा. त्यांच्या डोक्यांवरच्या खाचा एका वर्तुळावर अचूक जुळलेल्या दिसतात, आणि कोणालाही वाटावे की कारागिराने प्रत्येक स्क्रू त्या नेमक्या कोनावर आवळून थांबवला. पण षट्कोनी डोके षट्कोनी खोबणीत बसले की फिरणार कसे? आवळण्याचे काम मागून होते; पुढची खाच कधीच वापरली जात नाही. ती खाचेचे चित्र आहे. हे कळल्यावर आमचा त्या घड्याळाविषयीचा आदर कमी झाला नाही, उलट थोडा जिव्हाळा वाटला. सगळे दाखवतो म्हणणारा प्रत्येक लेखक अशी एखादी न फिरणारी खाच ठेवून असतो. आत्मचरित्रे वाचणाऱ्यांना ती ओळखता येते.

सिरॅमिकविषयी आम्हांला शिकवले ते भाच्याने, आणि घड्याळाच्या नव्हे तर दाताच्या उदाहरणाने. घड्याळाला जे सिरॅमिक वापरतात ते झिर्कोनिया. आणि झिर्कोनियाच्याच टोप्या तो रोज लोकांच्या दातांवर बसवतो. रंग तेवढा वेगळा. पांढरी भुकटी असते, ती दाबून खडूसारखा ठोकळा करतात, त्याला हवा तो आकार देतात आणि 1400 अंश सेल्सिअसच्या वर भाजतात. भट्टीत तो आक्रसतो, जवळजवळ पावपट. म्हणून आकार आधीच तेवढा मोठा धरावा लागतो. बाहेर येतो तो इतका कठीण की मग त्याला हिऱ्याच्या पुडीशिवाय काही घासू शकत नाही. पोलादाच्या पट्ट्याला जी झिलई द्यायला सहा तास लागतात तीच सिरॅमिकच्या पट्ट्याला द्यायला तीस तास लागतात, असे याच घराण्याने 2017 साली आपले पहिले संपूर्ण काळे सिरॅमिक घड्याळ आणले तेव्हा सांगितले होते. "झिजत नाही," भाचा म्हणाला, "पण नीट झिलई केली नाही, तर समोरचा दात झिजतो." हे त्याने सहज म्हटले, दंतवैद्याच्या सावध सुरात. आम्ही ते वहीत लिहून ठेवले.

ओरखडा न पडणाऱ्या घड्याळाचे आकर्षण आपल्याकडेही जुने आहे. आमच्या पिढीतले आखातात गेलेले लोक परत येताना राडो आणत. त्या कंपनीने 1962 साली ओरखडा न पडणारे 'डायास्टार' आणले होते, अतिकठीण धातूचे, आणि पुढे 1986 पासून सिरॅमिक. लग्नाच्या बैठकीत जावई राडोच्या काचेवर किल्ली घासून दाखवत असल्याचे आम्ही स्वतः पाहिले आहे. तेथे मिरवण्याचा भाग मोठा होता. भाच्याच्या बाबतीत तसे काही दिसेना. तो बाही खाली ओढून बसणारा माणूस आहे. तेव्हा रात्री, ताई निजल्यावर, आम्ही त्याला विचारले, हेच का घेतलेस?

तो बराच वेळ बोलला नाही. मग म्हणाला, "बाबांचे जनता आईने मला देऊ केले होते. मी नको म्हटले."

दाजी एस.टी.त वाहतूक नियंत्रक होते. साताऱ्याच्या स्टँडवर त्यांनी उभी हयात काढली, आणि त्यांच्या मनगटावर एच.एम.टी.चे जनता होते, चावीचे, सतरा माणकांचे, तासाला 18,000 ठोक्यांचे. ते त्यांनी 1974 साली नोकरी पक्की झाली तेव्हा घेतले. आता ती कंपनीही राहिली नाही; सरकारने 2016 साली तिची घड्याळे बंद केली. पुढच्या वर्षी दाजी गेले. त्या घड्याळाची कडा एका बाजूला मुलामा उडून पिवळी पडली आहे, कारण दाजी फलाटाच्या कठड्यावर नेहमी त्याच हाताने टेकत. काच प्लास्टिकची, तिच्यावर ओरखडे साचले की ते रविवारी अंगणात बसून बोटावर टूथपेस्ट घेऊन ती घासत. दंतवैद्य होणाऱ्या मुलाला दातांच्या पेस्टचा हा पहिला उपयोग दिसला असावा.

"मी ते घातले," भाचा म्हणाला, "तर माझेही ओरखडे त्याच्यावर पडतील. मग त्यांचे कुठले, माझे कुठले, कळणार नाही. म्हणून ठरवले, आपण असे घ्यायचे की त्याच्यावर काही उमटणारच नाही."

संहिताशास्त्राच्या विद्यार्थ्याला हे दुखणे ओळखीचे आहे. मूळ कोणते आणि प्रक्षिप्त कोणते, ही ती काळजी. एकनाथांनी शके 1506 मध्ये ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली ती याच काळजीतून. मधल्या तीनशे वर्षांत ज्या हातांनी ती उतरवली त्यांतल्या काहींनी प्रेमाने आपली अक्षरे तिच्यात मिसळली होती. पण एखाद्या ग्रंथाच्या बाबतीत आपण पाठशुद्धीचा आग्रह धरतो ते ठीक. बापाच्या घड्याळाच्या बाबतीत तो धरावा का, याचे उत्तर आमच्यापाशी त्या रात्री नव्हते. त्याच्या हातावरचे ते काळे, नितळ घड्याळ मात्र आता आम्हांला निराळे दिसू लागले. सकाळी आम्ही त्याला न झिजणारे म्हणून नावाजले होते. त्याने ते निवडले होते न लिहिले जाणारे म्हणून. त्यातही तिढा आहेच. पोलाद ओरखडे साठवते पण फुटत नाही. सिरॅमिकवर वर्षानुवर्षे काही उमटत नाही, आणि एखाद्या दिवशी ते फरशीवर वाईट पडले तर तडकते. मधले काही नाही. भाच्याला हे आमच्याहून चांगले ठाऊक आहे. टोप्या फुटलेले रोगी त्याच्याकडे येतात.

दुसऱ्या दिवशी ताई म्हणाली, "जनता मागे पडतंय जरा. बाहेर चाललाच आहात तर ऑइलिंगला टाकून या." म्हणून आम्ही दोघे ते घेऊन पेठेतल्या घड्याळजीकडे गेलो. दुकान एवढेसे, काचेच्या पेटीएवढे. त्याने घड्याळ घेतले, पालथे केले आणि पाठीमागचे झाकण उघडले. आतून ते झाकण अक्षरांनी भरलेले होते. सुईच्या टोकाने कोरलेल्या बारीक तारखा, एकाखाली एक, काही उलट्या, काही एकमेकींवर चढलेल्या. घड्याळजी दर वेळी घड्याळ उघडले की आतल्या बाजूला खूण करून ठेवतात, हे आम्ही ऐकून होतो, पाहिले नव्हते. "ही वडिलांच्या हातची," तो एकेकीवर चिमट्याचे टोक ठेवत म्हणाला, "81, 84... येथून माझी." भाच्याने खिशातून आपले भिंग काढून डोळ्यांवर चढवले. शेवटची तारीख नोव्हेंबर 2019ची होती.

दाजींना जाऊन तेव्हा दोन वर्षे झाली होती.

"बाई स्वतः आल्या होत्या," घड्याळजी म्हणाला.

मग त्याची नजर भाच्याच्या मनगटावर गेली. परवानगी न मागता त्याने हात पुढे केला आणि भाच्याने घड्याळ काढून दिले. त्याने ते आपल्या भिंगाखाली बराच वेळ धरले. आम्ही ज्या कोपऱ्यांवर अडकलो होतो तेथेच तोही अडकला. दोन बॅलन्स त्याला कोणी न सांगता दिसले. "हाताचं काम आहे," एवढेच तो म्हणाला, आणि ते त्याने ज्या आवाजात म्हटले त्यापुढे आम्ही वर लिहिलेले सगळे वर्णन भरताड आहे. घड्याळ पालथे करून त्याने मागची काच पाहिली, तिच्या कडेने बोट फिरवले, आणि विचारले, "मग तारीख कुठं घालतात?"

भाच्याने सांगितले की हे येथे उघडत नाहीत, कंपनीकडे पाठवायचे असते. नोंद त्यांच्या संगणकात राहते.

"बरोबर आहे," घड्याळजी म्हणाला. "काचेवर कुठं लिहिणार."

जनता चार दिवसांनी तयार झाले. तोवर भाचा दुबईला परतला होता, आपले घड्याळ घालून. आम्हीच ते आणून ताईला दिले आणि झाकणाच्या आत नवी तारीख पडली आहे, असे सांगितले. तिने त्यावर काही विचारले नाही. ते ती देवघरातल्या कोनाड्यात ठेवते. रोज सकाळी पूजेआधी त्याला चावी देते, आणि वेळ भिंतीवरच्या घड्याळात पाहते.